थोरल्या दवाखान्यापासून प्रबंधापर्यंत

कोल्हापुरात जुनी माणसं सीपीआरला अजून ‘थोरला दवाखाना’ म्हणतात. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय हे आजचं नाव, संस्थानकाळात ते अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल होतं. या पट्ट्यातल्या नर्सिंग शिक्षणाचा माग काढत गेलं, की मात्र शेजारच्या मिरजेत पोचायला होतं. डॉ. विल्यम वानलेस यांनी तिथं 1894 मध्ये मिशनचं रुग्णालय उघडलं आणि 1897 मध्ये नर्सिंगची शाळा सुरू झाली. ऑपरेशन तासाभरात उरकतं, पुढच्या रात्री जागायला शिकलेली माणसं लागतात.

त्या शिकलेल्या माणसांना विद्यापीठाचं दार उघडायला फार वेळ लागला. पदवी 1946 मध्ये दिल्लीला आणि वेल्लोरला आली. 1959 मध्ये दिल्लीत एम.एस्सी., 1986 मध्ये एम.फिल. आणि 1992 मध्ये पीएच.डी. मिरजेच्या शाळेपासून मोजलं तर पंचाण्णव वर्षं! पुढं भारतीय परिचर्या परिषदेनं बेंगळुरूचं राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या साथीनं पीएच.डी.साठी राष्ट्रीय कन्सॉर्शियम उभारलं. कोल्हापुरात डी. वाय. पाटील शिक्षण संस्थेला 2005 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. नर्सिंगचं महाविद्यालय कसबा बावड्यात, रुग्णालय कदमवाडीत. वर्ग आणि वॉर्ड एकाच संस्थेचे असणं ही संशोधनासाठी मोठीच सोय.

पण पदवी मिळाली म्हणून वॉर्ड सुधारतो का, हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत त्यासाठी वेगळी वाट काढली गेली. केंटकी विद्यापीठानं 2001 मध्ये नर्सिंग प्रॅक्टिसची स्वतंत्र डॉक्टरेट सुरू केली. नवं ज्ञान शोधण्यापेक्षा, माहीत असलेलं ज्ञान रुग्णापर्यंत का पोचत नाही हे शोधून ते पोचवणं, हा तिथला गाभा. आपल्याकडे अशी वेगळी डॉक्टरेट नाही. गुणवत्ता सुधारण्याचं काम मात्र दारात येऊन उभं आहे. 2017 च्या डिसेंबरात सुरू झालेल्या केंद्राच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमानं लेबर रूमची गुणवत्ता थेट मोजायला घेतली.

इथं पीएच.डी.च्या गाईडचं खरं काम सुरू होतं, आणि ते आहे विषय लहान करण्याचं. समजा, एखादी विद्यार्थिनी ‘नवजात बालकांच्या काळजीची गुणवत्ता’ असा ऐसपैस विषय घेऊन आली. गाईडनं तिला लेबर रूममध्ये उभं करावं. गेल्या आठवड्यात जन्मलेल्या किती बाळांचं तापमान 36.5 अंश सेल्सिअसच्या खाली गेलं? नोंद कुठं आहे? नसेल तर आधी आठवडाभर फक्त नोंद, दुसरं काही नाही. मग इनचार्ज सिस्टर, रात्रपाळीची सिस्टर, रेसिडेंट डॉक्टर आणि मावशी या सगळ्यांना एकत्र बसवून कारणं विचारायची. मावशींना वगळलं तर दुपटी ऐनवेळी कपाटात कुलूपबंद असतात, ही गोष्ट कधीच कळणार नाही. संख्याशास्त्राच्या पुस्तकात तर ती नसतेच.

उपायही छोटाच घ्यायचा. एका पाळीत, एका दिवशी, बाळंतपणाआधी दुपटी गरम करून ठेवायची आणि बाळ पुसून थेट आईच्या छातीवर द्यायचं. जमलं तर दुसऱ्या पाळीत. नाही जमलं तर का, ते लिहून ठेवायचं. रोजचा एक ठिपका, भिंतीवरच्या आलेखावर. बिघडलेला दिवसही तितक्याच प्रामाणिकपणे टिपायचा. विद्यार्थिनी चांगलेच आकडे आणू लागली तर गाईडनं स्वतः नाईट ड्युटीला जाऊन पाहावं. प्रबंध तपासण्याइतकंच ते मार्गदर्शकाचं कर्तव्य आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

भारतात वापरल्या जाणाऱ्या सुधारणा पद्धतीत चार पायऱ्या असतात: प्रश्न निवडून गट बनवणं, कारणं शोधून मोजमाप, बदल करून पाहणं आणि बदल टिकवणं. पहिल्या तीन पायऱ्या तीन महिन्यांत होऊ शकतात. चौथीवरच गाडी अडते, कारण तोवर विद्यार्थिनी व्हायव्हाच्या तयारीला लागलेली असते, सिस्टरांच्या बदल्या झालेल्या असतात आणि आलेखाचा कागद पिवळा पडत चाललेला असतो. म्हणून गाईडनं पहिल्याच बैठकीत विचारायला हवं: तू गेल्यावर हा ठिपका कोण काढणार? तिच्या उत्तरात लेबर रूममधल्या कुणा सिस्टरचं नाव नसेल, तर विषयाला मंजुरी देण्याची घाई करू नये.