धरण शेजारी, तरी नळ बारीक का? पाणीपुरवठ्याचं गणिती मॉडेल

कुकडी प्रकल्पातली माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाचही धरणं जुन्नर-आंबेगाव तालुक्यांत आहेत. पण धरणात पाणी असलं म्हणजे नळाला येतंच असं नाही. मध्ये पंप, वीज, टाकी आणि पाइपांचं जाळं असतं. या जाळ्याची कॉम्प्युटरमधली नक्कल म्हणजे मॉडेल.

मॉडेलमध्ये काय असतं?

प्रत्येक चौक एक बिंदू, प्रत्येक पाइप एक रेघ. बिंदूची उंची, पाइपची लांबी आणि व्यास भरायचा. ‘ईपॅनेट’ हे अमेरिकी सरकारच्या पर्यावरण संस्थेचं मोफत सॉफ्टवेअर (पहिली आवृत्ती १९९३) मग प्रत्येक बिंदूवरचा दाब काढून देतं.

गोची कुठे होते?

साध्या मॉडेलमध्ये ‘माणशी इतके लिटर’ असा ठरावीक वापर धरतात. चोवीस तास पाणी असेल तर हे चालतं. पण पाणी तासभरच येणार असेल, तर सगळे एकदम नळ सोडतात. मग गरज किती याला अर्थ नाही. दाब असेल तेवढंच पाणी मिळतं. दाब पाण्याच्या उंचीत, म्हणजे मीटरमध्ये मोजतात आणि प्रवाह साधारण दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो.

समजा, खालच्या आळीत दाब १६ मीटर, वरच्या आळीत ४. वर्गमुळं ४ आणि २. खाली मिनिटाला २० लिटर येत असेल, तर वर १०. पाऊण तासात खाली ९०० लिटर, वर फक्त ४५०!

यावर उपाय म्हणून वेळ वाढवली, तरी फरक तसाच राहतो. खालच्या टाक्यांना फ्लोट व्हॉल्व्ह असेल, तर त्या भरल्यावर नळ बंद होतात आणि वरचा दाब वाढतो. मॉडेलवर हे खर्च करण्याआधीच तपासता येतं. ईपॅनेट २.२ मध्ये दाबानुसार वापर धरण्याची सोय आहे.

बेभरवशाचं गणित

वीज कधी जाईल, हे सांगता येत नाही. म्हणून पंप बंद पडण्याची वेळ यदृच्छेने बदलत मॉडेल हजारदा चालवतात. ‘दहापैकी किती दिवस टाकी भरेल?’ याचं उत्तर मिळतं. याला मॉन्टे कार्लो पद्धत म्हणतात.

तुम्हीही मोजा

मी मोबाइलचं स्टॉपवॉच लावून १५ लिटरची बादली भरतो. ९० सेकंद लागले, तर प्रवाह मिनिटाला १० लिटर. सुरुवातीला नळ नुसता फुसफुसतो, कारण रिकाम्या पाइपातली हवा बाहेर पडत असते. ती मिनिटं वेगळी लिहा. वरच्या-खालच्या आळीतल्या मित्रांनीही आठवडाभर नोंदी ठेवल्या, तर मॉडेल खरं बोलतंय का ते पडताळता येतं. नुसत्या तक्रारीपेक्षा हा तक्ता दाखवलेला बरा.