कमरेची सुरी: फिनलंडचा पूक्को आणि आपला कोयता

ट्रेकिंगवरचा भाग आल्यापासून इनबॉक्समध्ये एकच प्रश्न फिरतोय. "दादा, रोज जवळ ठेवायला चाकू कुठला घेऊ? मिटणारा की फिक्स्ड?" यूट्यूबवर यावर शेकडो व्हिडिओ आहेत. स्टीलचे नंबर, बॉक्स उघडणं, कागद कापून दाखवणं. ते मी करणार नाही. आपला इतिहासाचा पॉडकास्ट आहे. त्यामुळे मी तुम्हाला अशा देशात नेतो जिथे छोटी, न मिटणारी सुरी कमरेला लावल्याशिवाय शेतकरी घराबाहेर पडत नसे. देश फिनलंड, सुरीचं नाव पूक्को.

आधी वस्तू कशी असते ते बघू. साधारण आठ-दहा सेंटिमीटरचं पातं, म्हणजे तळहाताच्या रुंदीएवढं. पाठ सरळ, धार एकाच बाजूला. पात्याचं मागचं निमुळतं शेपूट लाकडी मुठीतून आरपार जातं. मूठ बहुतेक वेळा बर्चची. बर्च म्हणजे आपल्या भूर्जाचा भाऊबंद, तोच भूर्ज ज्याच्या सालीवर काश्मीरकडे पोथ्या लिहायचे. फिनिश लोक त्याच सालीच्या चकत्या एकावर एक दाबूनही मूठ करतात. का, तर उणे वीस तापमानात धातूची मूठ हाताला चिकटते, आणि साल ऊबदार लागते.

मूठ आणि पातं यांच्यामध्ये आडवी पट्टी नसते, हे नीट लक्षात ठेवा. खंजिराला ती असते, कारण भोसकताना हात पुढे घसरून स्वतःच्याच पात्यावर जाऊ नये. पूक्कोला ती नाही, कारण लाकूड तासताना ती अडते. हत्यार कशासाठी घडवलंय ते त्याच्या या एका जागेवरून कळतं. पूक्को तासण्यासाठी, सोलण्यासाठी, मासे साफ करण्यासाठी, ब्रेड कापण्यासाठी, घोड्याचा पट्टा दुरुस्त करण्यासाठी. भोसकण्यासाठी नाही. निदान घडवणाऱ्याच्या मनात तरी नाही.

आणि म्यान! माझ्या मते पूक्कोची खरी हुशारी म्यानात आहे. चामड्याचं, खोल, अर्ध्याहून जास्त मूठ आत गिळणारं. बटण नाही, बंद नाही, फक्त घट्ट बसतं. पट्ट्याला लोंबतं, बसलं की बाजूला सरकतं. हातमोजे घालूनही एका हाताने काढता येतं. मिटणाऱ्या चाकूच्या सांध्यात बर्फ अडकला, माशाची घाण अडकली, की तो उघडताना त्रास देतो. इथे सांधाच नाही. म्हणजे "फिक्स्ड का?" याचं उत्तर फॅशनमध्ये नसून हवामानात आहे.

धारेचंही तसंच. पात्याच्या दोन्ही बाजूंना एक रुंद सपाट उतार असतो, तोच दगडावर टेकवायचा आणि घासायचं. कोन मोजायची गरज नाही. दहा वर्षांच्या पोराला जमतं, आणि दहा वर्षांच्या पोराला तिथे पूक्को दिलाही जायचा. शेतावरच्या बायकांच्या कमरेलाही लहान पूक्को असायचा. आजही एखाद्याच्या पन्नाशीला किंवा निवृत्तीला पूक्को भेट देतात.

इथपर्यंत सगळं छान. आता गोष्ट बिघडते.

फिनलंडच्या पश्चिमेला दक्षिण ऑस्ट्रोबोथनिया नावाचा सपाट, शेतीचा प्रदेश आहे. काउहावा, लापुआ, हार्मा ही तिथली गावं. एकोणिसाव्या शतकात, म्हणजे फिनलंड रशियन झारच्या ताब्यात होता तेव्हा (१८०९ ते १९१७), या गावांत एक शब्द रुजला: पूक्कोयुंकारी. अर्थ साधारण "सुरीवाला दांडगा". टोळक्याने फिरायचं, शर्यतीत घोडे पळवायचे, आमंत्रण नसताना लग्नात घुसायचं, दारू प्यायची आणि भांडण काढायचं. तिथली लग्नं कित्येक दिवस चालत. घराघरात दारू गाळली जाई. घरगुती गाळण्यावर बंदी आली ती १८६६ साली. आणि प्रत्येकाच्या कमरेला, कामासाठी म्हणून, सुरी होतीच. पुढचं सांगायला नको.

यातले दोघे सगळ्यांत गाजले. अंट्टी इसोतालो आणि अंट्टी रान्नानयार्वी. दोघंही हार्माचे. नावावरून गाणं आहे, आजही गायलं जातं. दोघं एकाच साखळीत जखडलेले आहेत असा त्यांचा एक जुना फोटो आहे, तो शोधून बघा. त्यांना पकडणारा अधिकारी हॅग्लुंड. गाण्यांत खलनायक तो! गुंडाला नायक करायची सवय फक्त आपल्याच सिनेमाला आहे असं समजू नका.

मला यातला एक तपशील फार खटकला. हे दोघं भुकेकंगाल नव्हते. इसोतालो खात्यापित्या शेतकरी घरातला, घोड्यांचा व्यापार करणारा. मग ही हिंसा आली कुठून? हेइक्की इलिकांगास नावाच्या फिनिश इतिहासकाराने १९७६ मध्ये यावर पुस्तकच लिहिलं. ढोबळपणे सांगायचं तर उत्तर असं: लोकसंख्या वाढली, जमीन मात्र तेवढीच. शेत एका वारसाकडे जाणार. बाकीच्या भावांनी काय करायचं? मोठ्या घरात वाढायचं, मान बघायचा आणि मग दुसऱ्याच्या शेतावर गडी म्हणून राबायचं. त्या भागाला पैसा दिला होता तो पाइनच्या लाकडापासून काढलेल्या डांबराने. लाकडी जहाजांना ते लागायचं. तो धंदाही कायमचा नव्हता. तरुण आहेत, अंगात रग आहे, वर जायची शिडी काढून घेतलीय. सुरी त्यांच्या कमरेला शंभर वर्षं आधीपासून होती. तेव्हा कोणी त्यांना घाबरत नव्हतं.

आणि हे संपलं कसं? पोलीस कडक झाले, हे खरंच. पण त्याच काळात ऑस्ट्रोबोथनियाची तरुण पोरं अमेरिकेची बोट पकडायला लागली. हजारोंनी. शिवाय दारूबंदीच्या आणि धार्मिक जागृतीच्या चळवळी जोरात होत्या. १८८०च्या दशकात टोळक्यांचा जोर ओसरला. कमरेची सुरी होती तिथेच राहिली.

उलट तिची भरभराट झाली. ज्या काउहावाची दहशत होती, तिथेच १८७९ मध्ये ईसाक्की यार्वेनपा याने सुऱ्या बनवायचा धंदा सुरू केला. मुठीच्या टोकाला घोड्याचं पितळी डोकं असलेला त्याचा पूक्को देशभर ओळखला जातो. काउहावात दर उन्हाळ्यात पूक्कोचा उत्सव भरतो. १९६१ मध्ये तर तापिओ विर्क्कालासारख्या नावाजलेल्या डिझायनरने हाकमान कंपनीसाठी पूक्को रेखाटला.

हीच सुरी सीमेपलीकडे गेली तेव्हा काय झालं ते बघा. रशियात तिला "फिन्का" म्हणायला लागले, आणि ती गुन्हेगारांची खूण झाली. १९३५ मध्ये सोव्हिएत सरकारने परवान्याशिवाय फिनिश चाकू बनवणं, बाळगणं, विकणं हा गुन्हा ठरवला. चारच वर्षांनी, नोव्हेंबर १९३९ मध्ये, सोव्हिएत सैन्य फिनलंडवर चालून गेलं. बर्फात त्यांचे हाल झाले. १९४० मध्ये लाल सेनेने आपल्या टेहळणी सैनिकांसाठी नवा चाकू स्वीकारला, एनआर-४०. बनावट कशी? फिन्काच्या घराण्यातली! नागरिकाच्या खिशात गुन्हा, सैनिकाच्या पट्ट्याला शासकीय साहित्य.

आता आपल्याकडे येऊ, कारण ही गोष्ट सांगताना माझ्या डोक्यात सतत कोयता होता.

कोकणात आजही नारळ-सुपारीच्या बागेत काम करणाऱ्याच्या कमरेला मागे आकडी असते आणि तिच्यात कोयती अडकवलेली असते. म्यान नाही, नुसती आकडी. दोन्ही हात झाडाला मोकळे. तिकडे बीडकडे जा. ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीलाच "कोयता" म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे. म्हणजे अवजाराचं नाव माणसाला मिळालंय, दोन माणसं मिळून एक कोयता. आणि पुण्यात? काही वर्षांपूर्वी "कोयता गँग" हे शब्द रोज पेपरात होते. सोसायटीच्या सीसीटीव्हीत हातात कोयता घेऊन गाड्या फोडत जाणारी सतरा-अठरा वर्षांची पोरं तुम्हीही बघितली असतील.

आमच्या गावाकडे नारळ पाडायला येणारे एक काका आहेत. साठीचे. ते मुलाकडे शहरात गेले, तिथल्या ओळखीच्यांच्या बागेतले माड साफ करून द्यायचे होते म्हणून कोयती पिशवीत, गोणपाटात गुंडाळलेली. एका स्टेशनवर अडवलं. तासभर बसवून ठेवलं, "कोणाला मारायला चाललास" असं विचारलं. मला सांगताना ते हसत होते, पण म्हणाले, "आयुष्यभर हिच्यावर पोट भरलंव, आणि म्हाताऱ्याला विचारतात मारतोस कोणाला." त्यानंतर ते शहरात कोयती नेत नाहीत. म्हणजे कामालाच जात नाहीत.

अडवणाऱ्यालाही सगळा दोष देता येत नाही. त्याने काल रात्री कोयत्याने तोडलेला माणूस बघितलेला असू शकतो. पिशवीतलं पातं बघून माणूस कुठला ते कळत नाही.

कायदा काय म्हणतो? आपल्या शस्त्र नियमांतली व्याख्या मोजमापाने चालते: पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असेल तर ते शस्त्रांच्या यादीत. पण घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेलं त्यातून वगळलेलं. म्हणजे कोयता शेतीचं अवजार म्हणून सुटतो. शिखांच्या कृपाणाला तर घटनेच्या कलम २५ मध्येच जागा आहे. मात्र तुमची सुरी चार इंचांची आहे म्हणून तुम्ही निर्धास्त, असं नाही. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात, सणाला, निवडणुकीला. पेपरात छोट्या चौकटीत येतात, कोणी वाचत नाही. त्या काळात सुरी, काठीसुद्धा घेऊन फिरायला बंदी असू शकते. विमानात हातातल्या बॅगेत चाकू चालत नाही, हे तर माहीतच आहे.

आणि फिनलंड? तिथे १९७७ मध्ये धारदार शस्त्रांचा वेगळा कायदा आला, पुढे २००३च्या सार्वजनिक सुव्यवस्था कायद्यात तो विषय गेला. आज हेलसिंकीच्या रस्त्यावर पूक्को लावून फिरायचं तर कामाचं पटेल असं कारण लागतं. सुतार आहे, मासेमारीला चाललोय, ठीक. "सवय आहे" हे कारण चालत नाही. बंदी सुरीवर नाही, ती कुठे आणि कशासाठी लावलीय त्यावर आहे. मला हा विचार इंचपट्टीपेक्षा जास्त शहाणा वाटतो. पण त्यात पोलिसाला समोरच्याचं ऐकून घ्यावं लागतं, आणि आमच्या काकांचं कोणी ऐकलं नव्हतं, हीच अडचण.

तर प्रश्न विचारणाऱ्यांनो, तुमचं उत्तर. शहरात रोज ऑफिसला, कॉलेजला जाताना पट्ट्याला सुरी कशाला? तिथे कापायला पार्सलची टेप सोडून काही नसतं. स्वसंरक्षणासाठी म्हणत असाल तर सरळ नाही. भांडणात निघालेली सुरी कोणाच्या पोटात जाईल ते हार्माच्या लग्नांत कोणालाच आधी माहीत नसायचं.

ट्रेकला, शेतावर, बागेत काम असेल तर घ्या. मिटणारी नको, न मिटणारीच घ्या. पातं तळहाताच्या रुंदीएवढं पुरे. लिंबू, कैरी कापल्यावर साधं कार्बन स्टील काळं पडतं, म्हणून पुसून तेलाचं बोट फिरवायचं. आमच्या पावसाळ्यात एवढं जमणार नसेल तर स्टेनलेस घ्या, लाजायचं कारण नाही. मूठ लाकडी, ओल्या हातात न फिरणारी. आणि दुकानात पात्याआधी म्यान बघा. सुरी म्यानात घालून उलटी धरा आणि हलवा. पडली तर परत ठेवा आणि दुसरी मागा.