मामींच्या लिंबोळ्या आणि म्युनिकचा खटला

जुलैमधल्या एका रविवारी मामांकडे तेलगावला गेलो होतो. ओट्यावर मामी लिंबोळ्या वाळत घालत होत्या, कपाशीवर फवारायला. (आमच्या बीडकडे कडुनिंबाला नुसतं लिंब म्हणतात.) विचारलं, "मामी, हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"शिकवायचं काय रे त्यात? माझी सासू ज्वारीच्या कणगीत लिंबाचा पाला घालायची."

तर मंडळी, या साध्या उत्तरावरून मला म्युनिकचा खटला आठवला.

लिंबाकडे शास्त्रज्ञांचं लक्ष वळवलं ते टोळांनी. १९५९ साली सुदानमध्ये टोळधाड आली. सगळी हिरवळ फस्त झाली, पण लिंबाची झाडं तेवढी शाबूत राहिली. हे हाइनरिश श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने पाहिलं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतही निंबोळी अर्काचे टोळांवर प्रयोग झाले. १९६८ मध्ये इंग्लंडमध्ये त्यातलं मुख्य द्रव्य वेगळं काढलं गेलं: अझाडिरॅक्टिन. गंमत म्हणजे हे किडीला जागेवर मारत नाही. तिचं खाणं तुटतं, कात टाकण्याची क्रिया बिघडते, मग ती हळूहळू संपते. ते प्रयोगशाळेत बनवायला मात्र २००७ साल उजाडलं. झाड बिचारं दर उन्हाळ्यात फुकट बनवतंय!

आता खटला. डब्ल्यू. आर. ग्रेस ही अमेरिकन कंपनी आणि अमेरिकेचं कृषी खातं यांना १९९४ मध्ये युरोपियन पेटंट मिळालं. कशाचं? निंबोळी तेलाने पिकांवरची बुरशी रोखण्याच्या पद्धतीचं. वंदना शिवा, युरोपियन संसदेतल्या मागदा आलव्हूत आणि सेंद्रिय शेतीवाल्यांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी हरकत घेतली. आमच्या आज्या-पणज्यांना हे ठाऊक होतं, हे तर खरंच. पण पेटंट कचेरीला लागतो पुरावा: कुणी, कुठे, कधी?

तो पुरावा दिला एका मराठी माणसाने. अभय फडके या कारखानदारांनी साक्ष दिली, की १९८५ आणि १९८६ मध्ये पुणे आणि सांगली जिल्ह्यांतल्या शेतांवर अशा अर्काच्या चाचण्या आधीच झाल्या होत्या. मे २००० मध्ये पेटंट रद्द झालं, त्यात ही साक्ष मोलाची ठरली. मार्च २००५ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं.

आमच्या धंद्यात प्रोग्राममधली कुठली ओळ कुणी, कधी बदलली याची तारखेसकट नोंद राहते. शेतातल्या शोधांची अशी नोंद कोण ठेवतो? फडक्यांकडे सांगायला साल होतं, गाव होतं. मामींच्या सासूकडे नुसती कणगी होती.

म्हणून निघताना मामींची कृती वहीत उतरवून घेतली. ५ किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, २०० ग्रॅम साबणाचा चुरा मिसळून एकूण द्रावण १०० लिटर करायचं. हा झाला ५ टक्के अर्क. त्याच दिवशी वापरायचा, आणि फवारायचा संध्याकाळी, कारण उन्हात त्याचा जोर जातो.

खाली मामींचं नाव, गाव आणि तारीख घातली. मामी हसल्या, "याचं काय करणार रे तू?"

असो. वही जपून ठेवली आहे.