स्वमग्न किशोरवयीनांची छळवणूक व भावनिक स्वास्थ्य

स्वमग्नता अर्थात ऑटिझम असलेल्या किशोरवयीन मुलामुलींना समवयस्कांकडून वारंवार व जाणूनबुजून दिला जाणारा त्रास आणि त्याचे मनावर होणारे परिणाम हा शालेय मानसशास्त्रातील एक महत्त्वाचा विषय आहे. स्वमग्न विद्यार्थ्यांना इतरांपेक्षा अधिक छळ सोसावा लागतो, असे अनेक देशांतील अभ्यासांत आढळले आहे.

स्वरूप

छळ म्हणजे केवळ मारहाण नव्हे. टोपणनाव ठेवणे, बोलण्याची नक्कल करणे, डबा खाताना वेगळे बसवणे, व्हॉट्सॲपवर चित्रफीत पसरवणे हेही त्यात येते. स्वमग्न मुले बहुधा शब्दांचा सरळ अर्थ घेतात. त्यामुळे मैत्रीच्या आमिषाने आपली थट्टा चालली आहे, हे त्यांना उशिरा उमगते. मोठा आवाज असह्य होणाऱ्या मुलाच्या कानाशी मुद्दाम बाक वाजवला जातो. तो ओरडला की शिक्षकांना दिसते ते त्याचेच ओरडणे, आणि शिक्षाही त्यालाच होते.

परिणाम

घडलेला प्रकार सांगण्यास या मुलांना अनेकदा शब्द सापडत नाहीत. पोटदुखी, झोपमोड, शाळेत जाण्यास नकार किंवा एकच हालचाल पुन्हा पुन्हा करण्याचे वाढलेले प्रमाण ‘स्वमग्नतेचाच भाग’ समजून सोडून दिले जाते. वास्तविक स्वमग्नता बालपणापासून असते. वागणुकीतील अचानक बदलाचे कारण वेगळे शोधावे लागते. काही मुले, विशेषतः मुली, आपले वेगळेपण लपवून इतरांसारखे वागू पाहतात. या मुखवट्याचा संबंध चिंता, नैराश्य व आत्महत्येच्या विचारांशी आढळला आहे.

स्वमग्न व्यक्तींना इतरांच्या भावना कळत नाहीत, हा समज एकांगी आहे. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये, न उमगणे हे दोन्ही बाजूंनी असते, असे मांडले. त्यामुळे केवळ पीडित मुलाला ‘वागायला शिकवणे’ हा उपाय अपुरा ठरतो. वर्गालाही समजून घ्यावे लागते.

कायदा व साहाय्य

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ दिव्यांगत्वांत स्वमग्नतेचा समावेश आहे. दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत हेतुतः अपमान करणे कलम ९२ नुसार दंडनीय आहे. मात्र अल्पवयीनांची प्रकरणे बाल न्याय कायद्यानुसार हाताळली जातात. वर्धा जिल्ह्यातील गिरडसारख्या, मोठ्या शहरापासून दूर असलेल्या गावांत हा त्रास प्रथम ओळखण्याची जबाबदारी बहुधा वर्गशिक्षकांवरच येते. वैद्यकीय सल्ल्यासाठी याच जिल्ह्यात सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे. बालकांसाठी १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६ हे निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहेत.