व्होल्ट उतरवण्याची कुळकथा

मे महिन्यात छत्रपती संभाजीनगरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि घरातल्या संगणकाचा पंखा घोंगावू लागतो. तो कितीही जोरात फिरला तरी खोलीतल्या हवेपेक्षा चिप थंड करू शकत नाही. मग आपण डबा उघडतो, हीटसिंकच्या पट्ट्यांत गच्च बसलेली धूळ ब्लोअरने उडवतो, वाळून खडखडीत झालेली पेस्ट पुसून नवी लावतो. हे करायलाच हवं, पण यात झालेली उष्णता बाहेर काढली जाते, एवढंच. ती मुळात कमी होऊ देण्याची विद्या वेगळी. तिचं कूळ टेबलावरच्या संगणकात सापडत नाही, ते बॅटरीवर जगणाऱ्या यंत्रांत आहे.

1963 मध्ये अमेरिकेतल्या फेअरचाइल्ड कंपनीत फ्रँक वॉनलास यांनी ट्रान्झिस्टर जोडीने बसवले. जोडीतला एक चालू असला की दुसरा बंद, त्यामुळे स्वस्थ बसलेल्या चिपमधून विजेला आरपार जायला वाटच उरत नाही. जवळजवळ सगळा खर्च शून्याचं एक आणि एकाचं शून्य होताना. हेच सीमॉस. सुरुवातीला ते संथ ठरलं आणि संगणकवाल्यांनी बाजूला ठेवलं. मनगटी घड्याळांनी मात्र ते आपलंसं केलं. घरगुती पीसीच्या वंशातल्या इंटेलच्या 386 मध्ये ते आलं 1985 साली.

खरी मेख व्होल्टेजमध्ये आहे. चिपचा हा शून्य-एक पालटण्याचा खर्च वेगाच्या पटीत वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. म्हणजे व्होल्टेज दहा टक्के उतरवलं, तर वीज एकोणीस टक्के वाचते! 1993 चा पहिला पेंटियम 5 व्होल्टवर चालायचा आणि चांगलाच तापायचा. पुढच्याच वर्षीचा 3.3 व्होल्टवर आला. त्याच वेगाला हा खर्च निम्म्याहूनही कमी.

2000 साली लॅपटॉपमध्ये इंटेलचं स्पीडस्टेप आलं: बॅटरीवर असताना वेग आणि व्होल्टेज दोन्ही खाली. एएमडीने 2003 मध्ये अशीच सोय टेबलावरच्या अ‍ॅथलॉन 64 ला दिली. टेबलावर इंटेल मात्र वेगाच्या मागे धावत राहिली. तिचा पेंटियम 4 हा 115 वॅटपर्यंत पोचला आणि 4 गिगाहर्ट्झचा बेत 2004 मध्ये सोडून द्यावा लागला. 2006 च्या कोअर 2 ड्युओने 65 वॅटमध्ये त्याला मागे टाकलं. या कोअर 2 ची घडण लॅपटॉपच्या पेंटियम एमपासून आलेली होती, हे मला या इतिहासातलं सगळ्यात मोलाचं वळण वाटतं.

आज हीच विद्या आपल्या हाताशी आहे. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा 100 ऐवजी 99 टक्के केली, की बऱ्याच संगणकांचा टर्बो (नेहमीच्या वेगाच्या वरची उडी) थांबतो. शेवटच्या थोड्याशा वेगासाठी चढवावं लागणारं व्होल्टेज वाचतं, आणि त्याचा वर्गही. पत्रं, हिशेब, ऑनलाइन वर्ग यांत फरक सहसा जाणवत नाही. भर दुपारी वीज गेली, तर यूपीएसची बॅटरी मात्र थोडा जास्त वेळ तग धरते.