धार एकाच बाजूला

भात्याचा फुसकारा ऐकू येतोय? मग नेमक्या ठिकाणी पोचलात. हे ओसाकाशेजारचं साकाई बंदर. सतरावं शतक सरत आलंय. आत या. अंधार मुद्दाम ठेवलाय: लोखंड किती तापलं हे लोहार त्याच्या रंगावरून ओळखतो, आणि उन्हात तो रंग फसवतो.

ऐरणीवर बघा. खाली मऊ लोखंडाची पट्टी, वर कडक पोलादाचा तुकडा. दोन्ही तापवून घणाखाली एकजीव करताहेत. नुसतं पोलाद घेतलं तर पातं ठिसूळ होईल, नुसत्या लोखंडाची धार टिकणार नाही. घडलेल्या पात्याला चिखलाचा लेप देऊन पुन्हा तापवतील आणि पाण्यात बुडवतील. एखादं पातं इथेच तडकतं आणि सगळी मेहनत वाया जाते. टिकलेलं पातं धार काढणाऱ्याकडे जाईल, पुढे मूठ बसवणाऱ्याकडे. प्रत्येकाचं कसब वेगळं.

या गावाचा पोलादावर हात बसला, त्यात तंबाखूचा मोठा वाटा. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात तंबाखू आणला, पानं चिरायला सुऱ्या लागू लागल्या, आणि साकाईच्या सुऱ्यांना पुढे शोगुनशाहीचा, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राजवटीचा, शिक्का मिळाला. आता इथे मासे कापायची सुरी घडतेय: देबा. हातात घ्या. जड आहे ना? मुठीजवळच्या जाड भागाने माशाचं डोकं उडवा. मग टोकाकडचं पातं कण्याला लावून ओढत न्या. माशाचे तीन भाग झाले: दोन बाजूंचं मांस आणि मधला काटा.

पातं उलटून पाहा. उतार एकाच बाजूला आहे. दुसरी बाजू सपाट, मधे किंचित खोलगट. डावखुरे असाल तर ही सुरी तुमच्या हातात तिरकी पळेल. तुमच्यासाठी उलटी घडवावी लागेल.

एवढा खटाटोप कशासाठी, ते जेवणाऱ्याच्या हाताकडे पाहिलं की कळतं. त्याच्याकडे चॉपस्टिक्स आहेत. तो ताटात काही कापणार नाही; घासाचा आकार स्वयंपाकघरातच ठरतो. त्यातून मासा कच्चा वाढायचा, म्हणजे ना फोडणी, ना आच. सुरीचा काप हाच तिथे स्वयंपाक. मला जपानी सुऱ्यांचं सगळं मर्म इथेच दिसतं.

आता दोनेकशे वर्षं पुढे सरका. तोक्यो, मेइजी सम्राटाचा काळ. आचाऱ्याच्या हातात कच्च्या माशाचे काप काढायची हातभर लांब, अरुंद सुरी आहे, ताकोबिकी; तिचं टोक चौकोनी. ओसाकाकडची यानागिबा याच कामाची, पण तिचं टोक विलोच्या पानासारखं निमुळतं. तुम्ही दाबून कापायला जाल, तो हात धरेल. मुठीजवळून सुरुवात करून टोकापर्यंत एकदाच ओढायचं, मागे-पुढे करवतायचं नाही. करवतलं की मांस चुरगळतं. शेजारचा पोरगा उसुबा नावाच्या भाजीच्या सुरीने मुळा सोलतोय, डाव्या हाताने तो पात्यावर फिरवत. मुळ्याची सलग, आरपार दिसणारी पट्टी उलगडत जाते. घरी भाजी चिरायला नाकिरी असते. तिला धार दोन्ही बाजूंनी, त्यामुळे ती सरळ खाली उतरते.

बाहेर मात्र काळ उलटतोय. 1872च्या जानेवारीत सम्राटाने गोमांस खाल्ल्याची बातमी पसरली, आणि मांस खाण्याबद्दलचा शतकानुशतकांचा संकोच ढिला पडला. 1876मध्ये तलवार बाळगायला बंदी आली, आणि तलवारी घडवणारे कितीतरी हात सुऱ्यांकडे वळले. मांस कापायला पाश्चात्त्य धर्तीची ग्युतो आली: दोन्ही बाजूंनी धार, पोट गोलसर, टोक अणकुचीदार.

शेवटचा मुक्काम, दुसऱ्या महायुद्धानंतरचं एक चिंचोळं स्वयंपाकघर. ओट्यावर एकच सुरी, सांतोकु. तीत नाकिरीचा सपाटपणा आणि ग्युतोचं टोक एकत्र आलंय. मासे, मांस, भाजी सगळं तिच्यावर निभतं. खानावळीचा आचारी हिला हलकी मानेल. मला ते पटत नाही. एका फळीवर अख्ख्या घराचं जेवण उरकणाऱ्या बाईची अडचण या सुरीने ओळखली. कोबी समोर आहे, चिरून बघा. टोक फळीवर टेकवून झुलवू नका. पातं किंचित पुढे ढकलत सरळ खाली आणा, आणि डाव्या हाताची बोटं आत वळवून ठेवा.