वर्षभरात किती किलोमीटर सायकल चालवायची? लक्ष्य असं ठरवा

१ जानेवारीला ५,००० किलोमीटरचा संकल्प होतो आणि एप्रिलमध्ये सायकल भिंतीला टेकते. अनेकदा दोष जिद्दीचा नसतो, हिशेबाचा असतो.

हिशेब कुठे चुकतो?

३,००० किलोमीटर भागिले ३६५, म्हणजे रोज साधारण ८ किलोमीटर. पण भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरमध्ये सगळे महिने सारखे नसतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ जातो, तर जुलै-ऑगस्टमध्ये धानपट्ट्यात मुसळधार पाऊस असतो.

मग वाटणी कशी करायची?

- जानेवारी, फेब्रुवारी, नोव्हेंबर, डिसेंबर: दरमहा ३५० किमी
- मार्च ते ऑक्टोबर: दरमहा २०० किमी

एकूण ३,००० किमी. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत घरी परतावं.

मागे पडलात तर?

१०० किलोमीटरची तूट एकाच रविवारी भरू नका. गुडघे दुखतात आणि सायकलचा कंटाळा येतो. दहा आठवडे १० किमी जास्त चालवा.

उत्साह कसा टिकेल?

रोजच्या कामाला सायकल जोडा. बाजार किंवा देव्हाडीचं तुमसर रोड स्टेशन, हेही किलोमीटरच. आकड्यासोबत दिवसही मोजा. 'आठवड्यात चार दिवस' हे लक्ष्य पाळायला सोपं असतं.

पुढचा टप्पा कोणता?

ब्रेव्हे. २००, ३००, ४०० आणि ६०० किमीच्या राइड एकाच हंगामात वेळेत पूर्ण करणारा 'सुपर रँदोनर' ठरतो. हंगाम १ नोव्हेंबरला सुरू होतो, म्हणजे नेमका विदर्भातल्या थंडीच्या तोंडावर.